अनोळखी वस्तू आणि हरवलेली नावे : जुन्या मराठी घरांतील वस्तूंच्या ओळखीचा विचार

जुन्या घराची वाटणी होते किंवा गावाकडील वाडा विकावयाचा ठरतो, तेव्हा माळ्यावरून आणि कोठीच्या खोलीतून अशा काही वस्तू निघतात की त्यांचे काय करावे हे घरातील कोणालाच उमगत नाही. समई, परात, हंडा यांना नावे असतात, म्हणून त्यांना वारसही मिळतो. जिचे नाव कोणाच्याच स्मरणात उरलेले नाही, ती वस्तू मात्र पितळेच्या भावाने मोडीत जाते. वस्तू वितळली की तिच्या बरोबर एक शब्द जातो, आणि त्या शब्दाबरोबर घरातील एखादे काम, एखादा हिशेब, एखादी रीतही जाते. हा प्रश्न केवळ वस्तुसंग्राहकाचा नाही. तो भाषेच्या अभ्यासकाचाही आहे, कारण कोशातील अनेक शब्दांचा अर्थ वस्तू हाती घेतल्याशिवाय स्पष्ट होत नाही आणि अनेक वस्तूंचे प्रयोजन कोश उघडल्याशिवाय कळत नाही.

प्रस्तुत लेखात अशा वस्तूंची ओळख कोणत्या क्रमाने पटवावी याचा विचार काही उदाहरणांच्या आधारे केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे : वस्तूची ओळख म्हणजे तिच्या कामाची ओळख. तिची घडण, तिच्यावरील झीज आणि तिचे नाव या तिन्हींची साक्ष जुळली म्हणजेच ओळख पटली असे मानावे. घाईने दिलेले चुकीचे नाव हे नाव नसण्यापेक्षा अधिक अनर्थकारक ठरते.

१. घडण आणि झीज

वस्तू हाती येताच तिला चिंच लावून लख्ख करण्याचा मोह आवरावा. आतील पुटे, कडेवरील काजळी, तळाशी चिकटलेले अवशेष हाच तिचा पहिला दाखला असतो. तांब्यापितळेच्या भांड्यात आतून कल्हईचा मागमूस आहे काय, हे प्रथम पाहावे. आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना कथील आणि नवसागर यांच्या साहाय्याने कल्हई करीत. म्हणून आतून कल्हई असलेले भांडे बहुधा चुलीशी किंवा पंगतीशी संबंधित असते. तांब्याच्या भांड्यास कल्हई कधीच झालेली नसेल, तर ते पाण्याचे किंवा पूजेचे असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर जोड पाहावा. हाताने घडविलेल्या मोठ्या भांड्यांचे भाग डाख देऊन सांधलेले असतात आणि आतल्या बाजूने दातेरी सांधा स्पष्ट दिसतो. पृष्ठावरील ठोक्यांच्या एकसारख्या खळ्या म्हणजे तांबटाचा मठार. तो केवळ शोभेसाठी नसतो. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे आकार धरून राहते. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यात सांधा नसतो आणि पत्र्याची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी असते.

झिजेचा पुरावा सर्वांत बोलका असतो. मूठ कोणत्या बाजूने गुळगुळीत झाली, कड कोठे बोथटली, तळ घासला की काजळला, यांवरून हाताची आणि कामाची दिशा कळते. कारागीर एकच वस्तू अनेकांसाठी घडवितो. झीज मात्र त्या घराची असते.

२. छिद्र असलेले तांब्याचे वाडगे

वरील पद्धतीची खरी कसोटी एका उदाहरणात पाहावयास मिळते. जुन्या घरांतून कधी कधी तांब्याचे एक पातळ, अर्धगोल वाडगे निघते. त्याला बैठक नसते, कान नसतात आणि तळाच्या मध्यभागी छिद्र असते. घरातील मंडळी सहजच म्हणतात, ही महादेवावरची गळती असावी. गळती म्हणजे पिंडीवर अखंड जलधार धरण्यासाठी टांगावयाचे पात्र, हेही तळाशी छिद्र असलेले असते. त्यामुळे हा तर्क वरवर पाहता योग्यच वाटतो.

परंतु दोहोंचे काम वेगळे आहे, आणि म्हणून घडणही वेगळी आहे. गळतीला टांगण्याची सोय लागते : साखळ्यांसाठी कड्या, काठाला भोके किंवा तिवईवर बसेल असा बाक. तिचे छिद्र इतके मोठे असते की त्यात दर्भ किंवा सूत घालून धार कमीअधिक करता यावी. वर सांगितलेल्या वाडग्यात यांपैकी काहीच नसते. त्याचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते. टांगण्याची सोय नाही, बैठकही नाही, याचा अर्थ ते टांगावयाचे नाही आणि ठेवावयाचेही नाही. ते तरंगावयाचे आहे. हे घटिकापात्र होय.

मोठ्या घंगाळात पाणी घेऊन त्यावर हे रिकामे पात्र सोडीत. तळाच्या छिद्रातून पाणी आत येत येत एका घटकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, ते बुडे. अहोरात्राच्या ६० घटका आणि एका घटकेची ६० पळे हा हिशेब सर्वपरिचित आहे. अडीच घटकांचा एक तास होतो. अहोरात्रात ६० वेळा बुडणाऱ्या तांब्याच्या सच्छिद्र अर्धगोलाचे वर्णन सूर्यसिद्धान्तात आलेले आहे. घड्याळे घरोघर येण्यापूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी याच पात्राचा उपयोग होत असे. 'घटका भरणे' हा वाक्प्रचार मृत्युसमयासाठी किंवा नाशाची वेळ आल्याच्या अर्थाने आपण आजही वापरतो. काय भरते आणि भरल्यावर काय होते, हे मात्र ते पात्र पाहिल्यावाचून डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

या तर्काची परीक्षाही करता येते. पात्र स्वच्छ पाण्यावर तरंगत सोडून बुडण्यास लागणारा वेळ तीनचार वेळा मोजावा. वेळ २४ मिनिटांच्या आसपास आला तर शंकेला फारशी जागा उरत नाही. तो बराच अधिक आला, तर छिद्रात कळंक किंवा क्षार साचला असण्याचा संभव आहे. बराच कमी आला, तर कोणी तरी छिद्र 'मोकळे' करताना ते रुंदावले असावे. म्हणजे वेळ न जुळल्याने ते घटिकापात्र नाही असे सिद्ध होत नाही. घडणीचा पुरावा स्वतंत्रपणे तोलावा लागतो. छिद्र टाचणीने कोरण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

चुकीच्या नावाचा धोका येथे स्पष्ट होतो. ज्या घरात या वाडग्याला गळती समजतात, तेथे धार नीट पडावी म्हणून त्याचे छिद्र मोठे केले जाते आणि काठाला साखळीसाठी भोके पाडली जातात. वस्तू घरातच राहते, तिची पूजाही होते. पण कालमापनाचे एक अचूक साधन कायमचे नष्ट झालेले असते. नाव न देता ती कपाटात तशीच ठेवली असती, तर पुढे कोणा जाणत्याने तिला ओळखले असते.

३. चाक, खरखरीत तळ आणि लहान कप्पा

प्रत्येक वस्तूला एवढा विस्तार लागत नाही. अनेकदा एकच बारकावा निर्णायक ठरतो.

पितळेची लहान दांडी आणि टोकाला फिरणारे दातेरी चाक, अशी वस्तू पुष्कळ घरांत निघते. तिला शिंप्याचे आखणीचे चाक समजण्याची चूक सहज होते. शिंप्याच्या चाकाचे दात टोकदार असतात, कारण त्यांना कापडावर किंवा कागदावर टोचून खुणा उमटवावयाच्या असतात. ज्या चाकाची धार पातळ व नागमोडी आहे ते कातणे. करंजीची कड कापावयाची आणि त्याच फेऱ्यात तिला मुरड द्यावयाची, हे त्याचे काम. चाकाच्या आसाभोवती तेलकट पीठ घट्ट बसलेले आढळले तर दुसऱ्या पुराव्याची गरजच राहत नाही.

वर पोपट, घोडा किंवा हत्ती यांची मूठ आणि खाली चौकडीच्या रेघांनी खरखरीत केलेला तळ, अशी ओतीव वस्तू खेळणे किंवा कापडावरील ठसा म्हणून दाखविली जाते. ठशाच्या तळावर उलटी नक्षी असते आणि खाचांत रंग राहिलेला असतो. येथे नक्षी नाही, नुसता खरखरीतपणा आहे. ही पाय घासण्याची वज्री. ती पोकळ असून आत खडे असले तर घासताना वाजतेही. एवढ्या साध्या कामाच्या वस्तूवर एवढी कलाकुसर का, असा प्रश्न पडतो. अभ्यंगस्नान हा ज्या काळी निवांतपणे करावयाचा सोहळा होता त्या काळची ती वस्तू आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे तिचा थाट समजतो.

कुंकवाच्या जुन्या करंड्यात कुंकवाच्या कप्प्याशेजारी एक अगदी लहान कप्पा किंवा डबी असते. ती कशासाठी, हे आज बहुतेकांस सांगता येत नाही. कोरडी पिंजर कपाळावर टिकावी म्हणून आधी मेणाचे बोट लावीत आणि त्यावर पिंजर दाबीत. तो मेणाचा कप्पा होय. डबीच्या आत चिकट, धूळ धरलेला थर सापडला तर तो खरवडून टाकू नये.

पानाच्या साहित्यातील चुनाळे असेच ओळखता येते. लहानशी घट्ट झाकणाची डबी, बरेचदा साखळीने जोडलेली आणि आत पांढरे कठीण पुट. विझवलेला चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून कालांतराने खडूसारखा होतो. त्या पुटाचा एक कण वेगळा काढून त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर तो फसफसतो. परीक्षा कणावर करावी, डबीवर नव्हे.

४. मापे : नावे कायम, प्रमाण अस्थिर

धान्याची मापे ओळखताना अभ्यासकाची वेगळ्या प्रकारे फसगत होते. येथे नावे कोशात व्यवस्थित मिळतात. अडचण प्रमाणाची असते. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, हे कोष्टक रूढ होते. म्हणजे पायलीत ६४ निळवी झाली. परंतु पायलीच मुळी परगण्यापरगण्यांत निराळी. एका गावचा मण बारा पायल्यांचा तर दुसऱ्या गावचा सोळांचा. शिवाय माप सपाट भरावयाचे की शीग लावून, यानेही धान्य कमीअधिक होई. आज भांड्यात पाणी ओतून त्याची धारणा मोजली तर ही शीग मोजलीच जात नाही, कारण पाण्याला शीग लागत नाही. 'शिगोशीग' हा शब्द आपण वापरतो, पण तो सावकाराच्या व कुळाच्या व्यवहारात किती निर्णायक होता याचा विसर पडलेला असतो.

म्हणून एकट्या मापाला धारणेवरून नाव देऊ नये. त्याच घरातील दुसरे माप शोधून दोहोंचे प्रमाण पाहावे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दुप्पट असल्याने, घरातील एक माप निश्चित झाले की उरलेली आपोआप ओळखता येतात. येथे निरपेक्ष आकड्यापेक्षा परस्परसंबंध अधिक विश्वसनीय आहे.

वजनांची स्थिती थोडी बरी आहे. इंग्रजी अमलात तोळ्याचे प्रमाण ठरल्यानंतर तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम आणि ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम धरला जाई. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे ९६ गुंजांचा तोळा आणि गुंज जवळजवळ ०.१२ ग्रॅम. एखाद्या लहान लाकडी पेटीत तराजू, पितळेचे बारीक तुकडे आणि लालकाळ्या बिया एकत्र सापडल्या तर त्या बिया मुलांच्या खेळातल्या समजून फेकू नयेत. ती सोन्याच्या तोलाची पेटी आहे. तराजूच्या एका बाजूस बांधलेला खडा किंवा शिशाचा तुकडाही निरर्थक नसतो. रिकामी पारडी समतोल राहावीत म्हणून लावलेला तो पासंग. एखादा माणूस दुसऱ्याच्या 'पासंगालाही पुरत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा तुलना वजनाशी नसून वजन करण्यापूर्वीच्या त्या क्षुल्लक तुकड्याशी असते. 'तोळामासा प्रकृती', 'पायलीचे पंधरा', 'शेरास सव्वाशेर' या सर्व प्रयोगांचे मूळ याच पेट्यांत आणि कोठारांत आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि या वस्तू व्यवहारातून निवृत्त झाल्या. शब्द मात्र मागे राहिले.

५. कोरलेली नावे आणि सनावळी

भांड्यांवर नावे घालण्याची चाल महाराष्ट्रात सार्वत्रिक होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ही अक्षरे देवनागरीत असतात, जुनी असली तर मोडीतही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, काशी अशा ठिकाणी पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या लेखांचे महत्त्व विशेष आहे. लेकी-सुनांबरोबर भांडी गावोगाव फिरली, आणि भांड्यावर कोरलेले गावाचे नाव हा कधी कधी कुटुंबाच्या मूळ ठिकाणाचा एकमेव लेखी पुरावा असतो.

सन वाचताना मात्र सावध राहावे. शकाच्या आकड्यात ७८ किंवा, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, ७९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उत्तरेकडील वास्तव्यात विक्रम संवत् वापरला गेला असेल तर ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात. दक्षिणेकडील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात, आणि जुन्या कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६००. नुसता '१७८०' एवढाच आकडा कोरलेला असेल, तर तो शक धरल्यास १८५८ हे वर्ष येते आणि संवत् धरल्यास १७२३. अंतर १३५ वर्षांचे आहे. एवढ्या अंतरात एक राज्य उदयास येऊन लयाला जाते. आकड्यामागील 'श.' किंवा 'सं.' हे अक्षर, लिपीचे वळण आणि भांड्याची घडण या तिन्हींचा मेळ घातल्याशिवाय वर्ष निश्चित करू नये. त्यातही हे वर्ष नाव घालण्याचे असते, भांडे घडविण्याचे असेलच असे नाही. आजीचे भांडे नातीच्या लग्नात नवे नाव घालून देण्यात कोणास वावगे वाटत नसे.

६. शब्दांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे या कामी अतिशय उपयुक्त आहेत. घरातील वृद्धेच्या तोंडून एखादे अर्धवट नाव मिळाले तर ते या कोशांत पडताळून पाहावे. तथापि शब्दाची साक्ष ही एकट्याने पुरेशी नसते. 'तांब्या' हा शब्द तांब्यावरून आला, पण तांब्या पितळेचाही असतो. 'फुलपात्र' पाणी पिण्याचे असते, त्यात कोणी फुले ठेवीत नाही. विदर्भात 'गंज' म्हटले की स्वयंपाकाचे भांडे समोर येते. पुण्याकडे त्याच शब्दाने लोखंडावरील तांब किंवा गवताची रास कळते.

काही शब्द वस्तूचा प्रवासही सांगतात. 'अडकित्ता' या शब्दाचा पूर्वार्ध कानडीतील सुपारीवाचक 'अडके' या शब्दाशी जुळतो. हिंदीत हेच साधन 'सरौता', गुजरातीत 'सूडी', बंगालीत 'जाँती' आणि तमिळमध्ये 'पाक्कुवेट्टि' होते. साधन एक, कामही एक. परंतु मराठीने शब्द घेतला तो दक्षिणेकडून. परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरातील वस्तूचे नाव शोधताना शेजारच्या भाषेचा कोशही उघडावा, तो याचसाठी. घरात मराठी बोलली जात असली तरी बाजार स्थानिक भाषेचा असतो, आणि वस्तू पुष्कळदा बाजारातून नावासकट घरात येते.

७. समारोप

या सर्व विवेचनातून पुढील क्रम हाती येतो. वस्तू घासण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. लांबी, रुंदी, वजन आणि धातू यांची नोंद करावी. झिजेच्या जागा लिहून ठेवाव्यात. घरातील ज्येष्ठ व्यक्तींना, विशेषतः ज्या स्त्रियांनी त्या घरात स्वयंपाक आणि कुळधर्म सांभाळले त्यांना, 'हे काय आहे?' असे विचारण्याऐवजी 'हे कोण वापरीत असे, कधी आणि कोठे ठेवीत?' असे विचारावे. नाव आठवत नसले तरी जागा आणि वेळ आठवते, आणि त्यावरून नावापर्यंत पोहोचता येते. सांगितलेला शब्द उच्चाराप्रमाणे, सांगणाऱ्याच्या गावासह लिहावा; तो 'शुद्ध' करून लिहू नये. आणि पुरावा अपुरा असेल तेथे नावाची जागा मोकळी ठेवावी.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या दृष्टीने मननीय उदाहरण आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, करंडे अशा नित्य वापरातील वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तू ज्यांनी घडविल्या आणि वापरल्या त्यांची नावे इतिहासात नाहीत. वस्तूंची नावे मात्र टिकली, कारण कोणी तरी त्या वेळीच विचारून ठेवली.

स्वयंपाकघरात पोलाद आले, मनगटावर घड्याळ आले, दुकानात किलोग्रॅम आला; त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. घटिकापात्राने कोणी आता वेळ मोजणार नाही. पण ज्या घरात ते आजही अनोळखी म्हणून पडलेले आहे, तेथे ते कशासाठी होते हे सांगू शकणारी पिढी फार काळ आपल्यात राहणार नाही. वस्तू मोडीत घालण्यापूर्वी तिला एकदा पाण्यावर सोडून पाहावे, एवढे तरी तिचे आपल्याकडे मागणे आहे.